रात्र फक्त कामापुरतीच का?

नैरोबीहून परत आल्यावर दिव्यातल्या आमच्या गटाच्या बैठकीत मी दीड तास बोलले. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी तिथे आधार केंद्रं कशी चालतात, पोलीस तक्रार घेतात का, वकील कोण देतं, सगळं सांगितलं. बायकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एका मावशींनी विचारलं, "ते सगळं झालं गं, पण संध्याकाळी काय करायचात?"

"काही नाही, दमून झोपायचो," मी म्हटलं.

हे खोटं होतं.

दहा दिवसांतल्या तीन रात्री आम्ही बाहेर होतो. तिथल्या सहकारी मैत्रिणी आम्हाला वेस्टलँड्स भागात घेऊन गेल्या. निखाऱ्यावर भाजलेलं मटण, न्यामा चोमा, एकाच थाळीतून हातांनी खाल्लं. काँगोकडून आलेल्या रुंबा संगीतावर तिथे साठीच्या बायकाही नाचतात, पोट सुटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि त्यांच्याकडे कुणी टक लावून बघत नाही. मीही नाचले. वयाची पस्तिशी उलटल्यावर, नवरा किंवा भाऊ सोबत नसताना, रात्री एक वाजता. कॉलेजात समाजकार्याची पदवी घेताना मी स्त्रियांच्या श्रमावर, आरोग्यावर, हिंसेवर निबंध लिहिले होते. स्त्रियांच्या मजेवर एकदाही लिहायला सांगितलं गेलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

मग मी मावशींशी खोटं का बोलले? एक कारण सरळ आहे. संस्थेच्या पैशाने गेलेली कार्यकर्ती नाचली, हे ऐकून लोक काय म्हणतील? दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. चळवळीत इतकी वर्षं काढूनही माझ्या मनात ठाण मांडून बसलेलं आहे की बाईने रात्री घराबाहेर असण्याला कारण लागतं. ड्यूटी, दवाखाना, बाळंतपण, पोलीस ठाणं. कारण नसेल तर ती बाई वाईट.

आपल्या मागण्या आठवून बघा. रात्रीबद्दल आपण बोलतो ते सुरक्षिततेच्या भाषेत. दिवे लावा, पोलीस वाढवा, लेडीज डब्यात पहारा द्या. या मागण्या बरोबरच आहेत. पण त्यांत एक कबुलीही लपलेली असते, की बाई रात्री बाहेर पडते ती नाइलाज म्हणून. पुरुषाने रात्री साडेअकराला नाक्यावर उभं राहून चहा प्यायला तर त्याला कुणी कारण विचारत नाही.

रात्र आपल्याला परकी होती असंही नाही. श्रावणातल्या मंगळागौरीत बायका रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळत आल्या. पण ती रात्र मिळाली व्रताच्या नावाने, घराच्या चार भिंतींत, आणि मान नव्या नवरीचा, तोही लग्नानंतरची पाच वर्षं. विधवेला त्यात जागा नव्हती. म्हणजे जागरणाची मुभा होती, फक्त ते नवऱ्याच्या आयुष्यासाठी असायला हवं होतं!

आता दुसरी बाजू. नैरोबी म्हणजे बायकांचा स्वर्ग, असं मी म्हटलं तर तिथल्या मैत्रिणी हसतील. आम्ही बाहेर पडलो ते संस्थेने ठरवलेल्या गाडीतून. मटाटू म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबस, रंगवलेल्या, गाणी वाजवत जाणाऱ्या. रात्री उशिरा त्यातून एकटीने जाणं आमच्या सहकारी मैत्रिणीही टाळत होत्या. नोव्हेंबर 2014 मध्ये मटाटूच्या थांब्यावर एका बाईला तिच्या कपड्यांवरून पुरुषांनी भर रस्त्यात विवस्त्र केलं, तेव्हा 'माझे कपडे, माझी निवड' म्हणत त्या शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. बायकांच्या खुनांच्या विरोधात जानेवारी 2024 मध्ये त्यांनी पुन्हा मोर्चा काढला. 1985 च्या जुलैत तिसरी जागतिक महिला परिषद ज्या शहरात भरली, त्या शहराची ही स्थिती. आपली काही वेगळी आहे का?

आणि त्या रात्री टेबलं पुसणारी एक मुलगी आम्ही कधी उठतो याची वाट बघत होती. ती ईस्टलँड्सच्या वस्तीत राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. माझी मैत्रीण तिला 'दादा' म्हणून हाक मारत होती आणि मला एकदम आमच्या गटातली एक ताई आठवली.

ती मुंबईतल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करते. शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून दिव्याला उतरते. गावाचं नाव दिवा, पण तिच्या गल्लीत दिवा नाही. त्या वेळी शेअर रिक्षा मिळत नाही, मिळाली तर रिक्षावाला सगळ्या सीटचे पैसे मागतो. घरमालकाने एकदा विचारलं, "रोज इतक्या रात्री कुठून येता?" दोन महिन्यांनी खोली सोडायला लागली.

कायदा काय म्हणतो? दुकानं आणि आस्थापनांसाठी राज्याने 2017 साली नवा कायदा केला. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. ताईला कुणी दारापर्यंत सोडत नाही. ती ठेकेदाराची माणूस आहे, असं हॉटेल म्हणतं. जानेवारी 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत मॉल, दुकानं, उपाहारगृहं रात्रभर उघडी ठेवायला मान्यता दिली. पण लोकल रात्रभर धावत नाही. मग ती रात्र कुणासाठी उघडली?

डान्सबारबंदी आठवा. 2005 साली सरकारने नैतिकतेच्या नावाने डान्सबार बंद केले, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून वगळलं. नाच तोच; बिल मोठं असलं की त्याची संस्कृती होते! बंदीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे महिला संघटना होत्या. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. पण तोवर हजारो बायकांचं पोट रस्त्यावर आलं होतं. रात्री बाईने कमवावं की नाही यावर आपण तेव्हा खूप भांडलो. रात्री बाईने स्वतःसाठी काही करावं की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. रात्रीची मजा हा चैनीचा, वरच्या वर्गाचा प्रश्न म्हणून आपण सोडून दिला, म्हणून तो त्याच वर्गाकडे राहिला. पैसा असेल तर रात्र विकत मिळते. मलाही ती तशीच मिळाली. ती हक्क म्हणून मागायची तर टेबल पुसणारीसकट मागावी लागेल. स्टेशनवर रात्रभर उघडं, स्वच्छ शौचालय, शेवटच्या गाडीनंतरची बस, गल्लीतला दिवा. आणि यासाठी "का जाता?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार.

पुढच्या बैठकीत मी खरं सांगितलं. क्षणभर सगळ्या गप्प. मग मावशींनी विचारलं, "नाच कसा असतो, दाखव." मी दाखवला. खूप हसल्या. मग एकजण म्हणाली, "मला नैरोबी नको. रात्री अकराला ठाण्याच्या तलावपाळीवर बसून आइस्क्रीम खायचंय. जन्मात खाल्लं नाही." भटारखान्यातली ताई म्हणाली, "माझ्या सुट्टीच्या दिवशी ठेवा."

आम्ही नऊजणी गेलो. तीन घरांत भांडणं झाली. एकीच्या सासूने दार उशिरा उघडलं. आइस्क्रीम साधंच होतं, पण पुढच्या महिन्याची तारीख त्याच रात्री ठरली.

मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या सर्वेक्षणात पाणी, रेशन, मारहाण यांच्या जोडीला एक प्रश्न घाला: रात्री तुम्हाला काय करायला आवडेल? उत्तर देताना बाई आधी लाजेल. तिला थोडा वेळ द्या.