स्वस्तातला रॉड, हातात मासा: क्रँकबेटने बास पकडण्यासाठी कोणता रॉड घ्याल?



गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री डॅलसहून माझ्या आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, व्हिडिओ कॉल आला. मागे त्याची अकरा वर्षांची लेक सई तोंड फुगवून बसली होती. विचारलं तर कळलं, सकाळी बापलेक शेजारच्या काकांबरोबर तळ्यावर बास मासा पकडायला गेले होते. दादाने दुकानदाराचं ऐकून दोनशे डॉलरचा रॉड घेतला होता. सईच्या गळाला मासा लागला, काठाजवळ आला, त्याने उडी मारली आणि निसटला. एकदा नाही, तीनदा! "मला जमतच नाही. मी परत जाणार नाही," असं ती म्हणत होती.

"तू रोज 'दहा उत्तम मिक्सर' लिहितेस ना, मग मला एक रॉड शोधून दे," दादा म्हणाला. "पण स्वस्तातला. तुझ्या वहिनीला आधीच्याची किंमत अजून सांगितलेली नाही."

मी आयुष्यात फिशिंग रॉड हातात धरलेला नाही. पण आठवडाभर वाचलं, शेजारच्या काकांशीही फोनवर बोलले, आणि एक गोष्ट लक्षात आली. चूक सईची नव्हती, रॉडची होती. गंमत म्हणजे, या कामाला योग्य असलेला रॉड महाग नसतोच!

क्रँकबेट म्हणजे काय?

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा छोटा खोटा मासा. त्याच्या तोंडाला एक पट्टी असते. रीळ फिरवून दोरी ओढली की त्या पट्टीमुळे तो पाण्यात खाली जातो आणि थरथरत पोहतो. बासला वाटतं, खाऊ आला! अमेरिकेत टेनेसीच्या फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडातून कोरलेला 'बिग ओ' 1970च्या दशकात खूप गाजला. पुढे तो प्लास्टिकमध्येही निघाला.

या खोट्या माशाच्या पोटाला तीन टोकांचे छोटे गळ असतात. ते बासच्या तोंडात खोल रुतत नाहीत, वरवर अडकतात. खरी मेख इथेच आहे.

ताठ रॉड का नको?

दादाचा रॉड ग्रॅफाइटचा होता. हलका, ताठ आणि फक्त टोकाशी वाकणारा. अशा रॉडने झटका दिला की बासने आमिष नीट तोंडात घेण्याआधीच ते ओढलं जातं. आणि मासा उडी मारतो तेव्हा ताठ रॉड झटका झेलत नाही, छोटा गळ सुटून येतो.

फायबरग्लासचा रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो. मासा ओढतो तेव्हा तो वाकून ओढ सोसतो, दोरी ढिली पडू देत नाही. कोकणात गरवायला जाणाऱ्यांच्या हातातला बांबू आठवा. तोही असाच वाकतो, म्हणून मासा टिकतो. आणि फायबरग्लास सहसा ग्रॅफाइटपेक्षा स्वस्त पडतं!

घेताना काय पाहाल?

1. ॲक्शन: रॉड कुठून वाकतो ते यावरून कळतं. रॉडवर 'मॉडरेट' लिहिलेलं हवं. ते नसेल तर 'मॉडरेट फास्ट' चालेल. 'एक्स्ट्रा फास्ट' नको.

2. पॉवर आणि लांबी: 'मीडियम' पॉवर आणि साधारण 7 फूट लांबी. खूप खोल जाणारी मोठी क्रँकबेट वापरायची असतील तरच 'मीडियम हेवी' आणि त्याहून लांब रॉड घ्या. लहान मुलांसाठी साडेसहा फूटही पुरे.

3. आमिषाचं वजन: रॉडवर हा आकडा औंसात छापलेला असतो. पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण 7 ते 21 ग्रॅम, ही मर्यादा नेहमीच्या क्रँकबेटना पुरते.

4. कड्या: दोरी ज्या कड्यांतून जाते त्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला तडा आहे. तिथेच दोरी तुटेल. तो रॉड घेऊ नका.

5. वाकवून बघा: टोक कुणाला तरी हलकेच ओढायला सांगा. बाक मधल्या भागापर्यंत आला पाहिजे.

शेक्सपिअर कंपनीचा 'अग्ली स्टिक' हा फायबरग्लास आणि ग्रॅफाइट एकत्र करून बनवलेला रॉड 1976पासून बाजारात आहे. तो मजबूत आहे आणि मुलांच्या आदळआपटीतही टिकतो. त्याचे साधे प्रकार 50 डॉलरच्या आसपास मिळतात. थोडा जड लागतो, पण सुरुवातीला तेवढं चालतं.

पैसे कुठे वाचवू नयेत?

दोरीत! 10 ते 12 पौंड ताकदीची चांगली फ्लुरोकार्बन दोरी घ्या. रीळ महाग नको, पण मुलांसाठी स्पिनिंग रीळच घ्या. बेटकास्टिंग रिळात नवख्यांच्या दोरीचा हमखास गुंता होतो आणि सकाळ तो सोडवण्यातच जाते. आणि हो, दादाला टेक्सासचा मासेमारीचा परवाना लागतो. तिथे 17 वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही.

शेवटची युक्ती काकांची: मासा लागला की झटका देऊ नका. रीळ फिरवत राहा आणि रॉड सावकाश बाजूला ओढा.

एक गोष्ट मी सईला मुद्दाम सांगितली. लार्जमाउथ बासचा प्रसिद्ध विक्रम 1932 साली जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने केला. मासा 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 10 किलोंहून जास्त! तो मंदीचा काळ होता. घरच्यांनी मासा शिजवून खाल्ला.

दादाने शेवटी 50 डॉलरचा रॉड घेतला. महागडा वाया गेला नाही, एका टोकाच्या गळासाठी तो उत्तम आहे. सई मात्र "फक्त बघायला येते" म्हणून गेली. परवा फोटो आला. दोन्ही हातांत धरलेला, जेमतेम वीतभर बास. फोटो काढून तिने तो पाण्यात सोडला.

खाली दादाचा मेसेज होता: "वहिनीला दोन्ही रॉडची किंमत सांगितली. तीही पुढच्या रविवारी येणार आहे."

तुमच्या घरातलंही कुणी तळ्याकाठून रिकाम्या हाताने परतत असेल, तर रागावण्याआधी त्याचा रॉड एकदा वाकवून बघा. भेटूया पुढच्या लेखात!