पावसाळ्याच्या निबंधात फक्त भजीच का?



'पावसाळा' हा निबंध लिहायला दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच वाक्य सापडतं : पाऊस पडला की आई गरमागरम भजी करते. वाक्यात चूक काहीच नाही. पण सिंहगड पुण्यापासून जेमतेम तीस किलोमीटरवर. तिथं जाऊन पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही खाल्लेली मुलंही हेच वाक्य लिहितात, तेव्हा वाटतं, आपण त्यांना खायला घेऊन जातो, पण त्या ताटाकडे बघायला शिकवत नाही.

डोंगरात पिठलंच का? मुलांना हा प्रश्न विचारून बघा. धो धो पावसात वाट बंद, ओढा भरलेला, बाजार लांब. घरात असतं ते साठवणीचं : डाळीचं नाहीतर कुळथाचं पीठ, उन्हाळ्यात भरून ठेवलेला कांदा, लसूण, तिखट, मीठ. त्यातून दहा मिनिटांत पिठलं होतं. पापड, कुरडया, सांडगे, सुकट, गोवऱ्या, वाळलेली लाकडं ही सगळी पावसाळ्याची बेगमी. हा एक शब्द मुलांना समजला तरी अर्थशास्त्राचा पहिला धडा झाला म्हणायचा!

ताजी भाजी मात्र रान देतं. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं उगवतात, पुढे करटोली येतात. मुळशी, वेल्हे, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरातल्या बायका कोणती पानं कधी खुडायची, किती कोवळी घ्यायची, हे पुस्तकाशिवाय जाणतात. शेवळाची भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं नावाचं आंबट फळ किंवा चिंच घालतात. आपल्या अळूच्या फदफद्यातही चिंच असते ती त्याचसाठी. या खाजेमागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रसायनशास्त्र असं स्वयंपाकघरातूनच सुरू होतं.

आणि नाचणी! सह्याद्रीच्या उताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पिकते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात ते अगदीच थोडं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शाळाशाळांतून तक्ते लागले, घोषणा झाल्या.

पण खरा प्रश्न तक्त्यावर सुटत नाही, तो मधल्या सुट्टीत समोर येतो. डोंगरातल्या गावाहून शहरात आलेल्या घरातलं मूल डब्यात नाचणीची भाकरी आणतं. शेजारचा म्हणतो, 'ई, काळी भाकरी!' दुसऱ्या दिवसापासून ते मूल डब्याचं झाकण अर्धंच उघडतं. पुढच्या आठवड्यात आईकडे नूडल्सचा हट्ट धरतं. तेच नाचणीचं बिस्किट चकचकीत पुड्यात आलं की सगळ्यांना 'हेल्दी' वाटतं. ज्या घरांनी हे धान्य टिकवलं, त्यांच्याच मुलांना त्याची लाज वाटावी, याला जबाबदार आपण मोठी माणसंच आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? फार काही नाही.

१) निबंधाचा विषय बदलूया : 'आमच्या घरी पावसाळ्यात काय शिजतं आणि का?' माहिती आजीला, शेजारच्या मावशींना विचारून आणायची. गाइडमध्ये उत्तर सापडणारच नाही.

२) ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. त्या सुमारास अनेक ठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. मुलांना घेऊन जा, भाजी विकणाऱ्या बाईंशी बोलू द्या. मात्र अनोळखी पाला मुलांनी स्वतः खुडून खायचा नाही, हे आधी बजावा. सारखी दिसणारी विषारी झाडंही असतात.

३) वर्गात एकदा शिक्षकांनीच नाचणीची भाकरी आणावी आणि सगळ्यांसमोर आवडीने खावी. तासभर भाषण देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पालकहो, पुढच्या रविवारी गडावर गेलात तर भाकरी थापणाऱ्या मावशींना एवढंच विचारा, 'हे पीठ कुठलं?' उत्तर मुलांना ऐकू द्या. शक्य झालं तर सोमवारच्या डब्यात तीच भाकरी द्या. ती एकट्या मुलाच्या डब्यात दिसण्याऐवजी चार डब्यांत दिसली, की कुणाला झाकण लपवावं लागणार नाही.