ललाटबिंब म्हणजे काय, आजी?



दिवाळीच्या सुटीत आम्ही वेरूळला गेलो होतो. ३२ नंबरच्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, नातीने हातातल्या माहितीपुस्तकावर बोट ठेवून विचारले, "ललाटबिंब म्हणजे काय, आजी?" मी गप्प. कितीतरी जुन्या मंदिरांच्या दारांतून मी वाकून आत शिरले, पण वर मान करून कधी पाहिलेच नव्हते.

घरी आल्यावर एकेक शब्द समजून घेतला. दर्शनाला जातो त्याच क्रमाने बघा, म्हणजे लक्षात राहतात. आधी मंदिरासमोरचा मानस्तंभ. तो पाहून मान, म्हणजे अहंकार, गळावा. मग आपण पूजेला बसतो तो सभामंडप. मंडप आणि गर्भगृह यांच्यामधली लहानशी जागा ती अंतराळ. गर्भगृहाच्या चौकटीच्या उभ्या कोरीव पट्ट्या त्या द्वारशाखा. वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध, दाराच्या जणू कपाळावर, कोरलेली छोटी मूर्ती ते ललाटबिंब. बाहेर शिखरावर आवळ्यासारख्या उभ्या रेघांचा गोल दगड तो आमलक आणि त्यावर कलश.

कोणी म्हणेल, भाव महत्त्वाचा, दगडांची नावे घेऊन काय करायचे? मला हे पटत नाही. आतली मूर्ती हलली, वेदी बदलली, तरी ललाटबिंबावर तीर्थंकर असतील तर मंदिर मुळात कोणाचे, याची साक्ष ते दार देते. एका गावी जीर्णोद्धारात अशीच जुनी चौकट चकचकीत फरशीखाली गेलेली मी पाहिली. मन वाईट नव्हते कोणाचेच, पैसाही श्रद्धेने दिलेला. पण हे काय आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. आम्ही बायका तर तेव्हा भोजनशाळेत लाडू वळत होतो.

चुकीची नावेही अशीच चिकटतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोक इंद्र समजले, म्हणून त्या लेण्याची झाली इंद्रसभा. आपण वऱ्हाडात दगडाचे कोणतेही जुने देऊळ पाहिले की हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्रिपंडित तेराव्या शतकातले, यादवांचे मंत्री. पण हेमाडपंती म्हटले जाणारे अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे त्यांच्या कितीतरी आधीचे!

मी कॉमर्सची. वहीत ज्याची नोंद नाही, तो माल गेला तरी कोणाला कळत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

म्हणून एवढेच सांगणे. तुमच्या मंदिरात जीर्णोद्धाराची सभा असेल तर लाडू नंतर वळा, आधी सभेत बसा. छिन्नी लागण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, खाली त्याचे नाव लिहा. आणि पुढच्या वेळी मुक्तागिरीला गेलात तर तिथल्या ५२ मंदिरांत आत शिरण्याआधी क्षणभर थांबून दाराच्या कपाळाकडे पाहा. नातवंडांनाही दाखवा.