‘मातीच तं आहे भाऊ!’ बोअरच्या गाडीवरचं बेंटोनाइट आणि घाटाखालचं खारं पाणी

गेल्या उन्हाळ्यात मामाच्या शेतात बोअर मारायला रोटरी रिग आली होती. गाव जळगाव जामोद तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातलं. गाडीवरचा एक तरुण खांद्यावरून गोणी आणायचा, चाकूने फाडायचा आणि उभ्याउभ्याच खड्ड्यातल्या पाण्यात रिकामी करायचा. दर गोणीला पांढुरक्या धुळीचा लोट उठायचा. तोंडाला फक्त रुमाल. मी मास्कबद्दल विचारलं तर तो हसला. “मातीच तं आहे भाऊ. माती काय करते?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर देण्यासाठी हा लेख.

बेंटोनाइट म्हणजे नेमकं काय?

बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून लाखो वर्षांत तयार झालेली चिकणमाती. हे नाव अमेरिकेतल्या फोर्ट बेंटनवरून पडलं. आपल्याकडे ती मुख्यतः गुजरातमधल्या कच्छमधून आणि राजस्थानातल्या बाडमेरमधून येते. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. हे खनिज आपल्याला अनोळखी नाही. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगून त्या बुजवते, ते याच गटातल्या खनिजांमुळे. बेंटोनाइटमध्ये त्याचं प्रमाण खूपच जास्त, म्हणून ते पाण्यात पडलं की कित्येक पट फुगतं.

घाटावर, म्हणजे चिखली-मेहकरकडे, काळा पाषाण लागतो. तिथे हवेच्या दाबावर चालणारा हातोडा खडक फोडत जातो, भोक आपोआप उभं राहतं. घाटाखाली नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात मात्र पूर्णेने आणलेल्या गाळाचे आणि वाळूचे जाड थर आहेत. इथे भोक पाडलं की ते ढासळतं. बेंटोनाइटचं घोळ आत फिरवलं की भिंतीवर त्याचा पातळ लेप बसतो, आतला दाब भिंतीला धरून ठेवतो आणि कापलेला माल घोळाबरोबर वर येतो. यंत्र थांबलं की घोळ घट्ट होतं, त्यामुळे वाळू लगेच तळाशी बसत नाही.

हीच युक्ती रस्ता न खोदता त्याच्या खालून फायबर किंवा गॅसची पाइप नेणाऱ्या आडव्या ड्रिलिंगमध्ये वापरतात. रस्त्याच्या कडेला राखाडी चिखल साचलेला दिसतो, तो बहुतेक वेळा हाच.

खाऱ्या पाण्याची गोम

खरी अडचण इथे सुरू होते. बेंटोनाइट गोड्या पाण्यात फुगतं. पाणी खारं असेल तर त्याचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. मामाच्या शेतात शेजारच्या विहिरीचं पाणी वापरलं होतं, तेही खारंच. घोळ काही दाट होईना. मग काय, अजून एक गोणी, अजून एक गोणी. भोक दोनदा ढासळलं, गोण्या ठरल्यापेक्षा जवळपास दुप्पट गेल्या आणि बिल वाढलं.

इथे पैशाचा आणि आरोग्याचा हिशोब एक होतो. चुकीचं पाणी म्हणजे जास्त गोण्या. जास्त गोण्या म्हणजे त्या तरुणाच्या छातीत जास्त धूळ आणि शेवटी शेतात जास्त गाळ. खारपाणपट्ट्यात बेंटोनाइट सुरक्षित हाताळायचं तर सुरुवात मास्कच्याही आधी, पाण्यापासून करावी लागते.

तपासणी सोपी आहे. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात कामावर वापरायचं पाणी. दोन्हीत सारखीच पूड हळूहळू ढवळून घाला आणि काही तास ठेवा. दुसऱ्या ग्लासात पूड खाली बसून वर स्वच्छ पाणी राहिलं, तर ते पाणी कामाचं नाही.

पाणी नुसतं जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम जास्त असेल, तर बेंटोनाइट घालण्याआधी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, मिसळून पीएच ८.५ ते ९.५ दरम्यान आणतात. पण सोड्याने जडपणा जातो, मीठ जात नाही. खाऱ्या पाण्याला उपाय म्हणजे गोड्या पाण्याचा टँकर, नाहीतर खाऱ्या पाण्यात चालणारी वेगळी माती किंवा पॉलिमर. टँकरचे पैसे वाचवायला गेलो आणि ते गोण्यांत गेले, असं आमचं झालं.

घोळ किती दाट हवं, ते मार्श फनेल नावाच्या नरसाळ्याने मोजतात. त्यातून ९४६ मिलिलिटर साधं पाणी साधारण २६ सेकंदांत वाहतं. पाण्याच्या बोअरचं घोळ साध्या जमिनीत ३२ ते ४० सेकंद घेतं. वाळू सैल असेल तर जास्त दाट लागतं. हे नरसाळं गाडीवर आहे का, एवढं विचारलं तरी समोरच्याचं काम कळतं.

मग धूळ धोकादायक आहे का?

ओली असताना ही माती विषारी नाही. कातडी कोरडी पडेल, पाय घसरेल, एवढंच. धोका कोरड्या पुडीत आहे. बेंटोनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, असतं. खाणीप्रमाणे त्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी ते वीस टक्क्यांहून जास्त इतकं बदलतं. गोणीकडे बघून ते कळत नाही.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते. दिसत नाहीत ते काही मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथेच राहतात. वर्षानुवर्षं असं झालं तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसावर व्रण पडतात, दम लागतो, क्षयाचा धोका वाढतो, आणि हे व्रण भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये, कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

घाबरून जाऊ नका. एका दिवसाच्या कामाने शेतकऱ्याला सिलिकोसिस होत नाही. प्रश्न रोज गोण्या फाडणाऱ्याचा आहे. आज त्याला काहीच जाणवत नाही, म्हणूनच तो हसतो.

कामावर काय सांभाळायचं?

- वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. गोणी पाण्याच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू ओता, उंचावरून नको. शक्य असेल तर पंपाला जोडलेलं मिसळायचं नरसाळं वापरा. पूड थेट पाण्याच्या धारेत ओढली जाते आणि गुठळ्याही होत नाहीत.
- रुमाल बारीक कण अडवत नाही. एन९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी२ मास्क हवा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाट दाढीवर तो नीट बसत नाही.
- डोळ्यांना बंद गॉगल, आणि सोडा हाताळताना हातमोजेही. पूड डोळ्यात गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा.
- सांडलेली पूड झाडूने उडवू नका आणि तिच्यावर पाणीही ओतू नका, साबणासारखं निसरडं होतं. फावड्याने अलगद उचला.
- गाडीवर कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या हवेने कपडे झटकायचा मोह होतो. अजिबात नको. सगळी धूळ तोंडासमोर उडते.
- चिखलाच्या खड्ड्याला दोरी किंवा कुंपण लावा. वर साय धरल्यासारखं दिसतं, पोरांना जमीन वाटते.

उरलेल्या गाळाचं काय?

बेंटोनाइटचा एक उपयोग शेततळ्याचा तळ गळू नये म्हणून अस्तर देण्यासाठी होतो. म्हणजे ते पाणी मुरू देत नाही. आता विचार करा. आपल्या जिल्ह्याने तलाव-नाल्यांतला गाळ काढून तो महामार्गाच्या भरावाला वापरायचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशाला दाखवला. कशासाठी? पाणी साठावं आणि मुरावं म्हणून. त्याच नाल्यात ड्रिलिंगचं घोळ सोडलं, तर मुरण्याची वाट आपणच लिंपून टाकतो. पाणी गढूळ होतं, मासे गुदमरतात ते वेगळंच.

शिवाय पाण्याबद्दल इथले लोक आधीच धास्तावलेले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे चर्चा गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. अशा गावात ओढा राखाडी झाला तर अफवा पसरायला वेळ लागत नाही. म्हणून घोळ खड्ड्यातच बसू द्या, वरचं पाणी पुन्हा वापरा, उरलेला गाळ सुकवून विहीर, नाला आणि पिकापासून दूर ठरलेल्या जागी टाका, आणि खड्डा बुजवूनच गाडी जाऊ द्या.

जबाबदारी कोणाची?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण ही संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आमच्या शेतात आलेल्या गाडीवर पाच माणसं होती. ज्यांच्या तोंडासमोर गोणी फुटते, तेच आकड्याच्या अटीमुळे बाहेर राहतात.

मला एक वाट दिसते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी देताना मास्क, मिसळायचं नरसाळं आणि गाळाची विल्हेवाट या तीन अटी घातल्या, तर नवीन कायदा करायची गरज नाही. तोवर ग्रामपंचायत किंवा शेतकरी आपल्या कामाच्या कागदावर त्या लिहून घेऊ शकतात. टँकर कोण आणणार हेही त्यातच लिहावं.

यंदा मामा दुसरा बोअर घेणार आहे. मी त्याला मास्कचं एक पाकीट आणि मीठ तपासायला दोन काचेचे ग्लास देणार आहे. “मातीच तं आहे,” असं कोणी म्हणालं की त्याने एवढंच म्हणावं: हो, मातीच आहे, म्हणून तर ती जमिनीत राहू दे, छातीत नको.