फडके रोडच्या चित्राला फाशी कशाला?

शहराचा संगणकावर फिरवलेला फोटो म्हणजे निव्वळ खोटेपणा, असं एक मत सध्या जोरात आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या रिक्षा पुसून तिथे झाडं आणि बाकडी बसवलेलं चित्र फोनवर आलं, की लोक उखडतात. ‘ही डोंबिवली नाही, उगाच फसवू नका!’ कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अशी चित्रं करणं पोरखेळ झाल्यापासून हा संताप वाढलाच आहे. संताप समजू शकतो, पण हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

मुळात फोटो कधीच इतका भाबडा नव्हता. ठाण्याच्या खाडीपुलावरच्या आगगाडीचा सुमारे १८५५ सालचा एक फोटो आपण मोठ्या अभिमानाने एकमेकांना पाठवतो. धावती गाडी त्या काळच्या कॅमेऱ्यात नुसता फराटा होऊन उमटली असती. म्हणजे तो फोटोही उभ्या गाडीचाच. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की याने १९९९ साली ऱ्हाइन नदीचा फोटो केला, तेव्हा पलीकडच्या काठावरचं बांधकाम आणि वाटसरू संगणकावर काढून टाकले. २०११ साली तो ४३ लाख डॉलरना गेला. त्याला कोणी लबाड म्हटलं नाही, कारण त्याने हे लपवलं नाही आणि त्या नदीकाठचा फ्लॅटही कोणाला विकला नाही.

फ्लॅट विकणाऱ्यांचं काय? घोडबंदर रोडवर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर एखाद्या होर्डिंगखाली जरा थांबून बघा. शेजारची इमारत गायब. उच्चदाबाच्या तारा गायब. मागचा नाला निळाशार. येऊरचा डोंगर दोन पावलं पुढे सरकलेला, आणि सावल्या एकीकडे तर ऊन भलतीकडे. बाल्कनीतलं जोडपं या मुलखातलं वाटतही नाही. यावर विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘खाली लिहिलंय की, कलाकाराची कल्पना म्हणून!’ लिहिलंय खरं, पण धावत्या बसमधून दिसणार नाही अशा अक्षरांत. सवलत जाहीर करताना मात्र अक्षरं पुरुषभर उंच होतात! २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं बारावं कलम याबाबत स्वच्छ आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, व्याजासह पैसे परतही घेता येतात. ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे.

तरी ‘फक्त अस्सल फोटो दाखवा’ म्हणून भागेल, असं समजू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची गोष्ट ताजी आहे. पालिकेच्या परवानग्या बनावट तयार करून त्यांची महारेरात नोंदणी झाली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींचा साधा, काहीही न बदललेला फोटो अगदी खरा निघाला असता. विटा खऱ्या, खिडक्या खऱ्या, कर्ज काढून राहायला आलेली माणसं खरी. खोटे होते ते कागद. तेव्हा फोटोत काय पुसलं यापेक्षा तो कोण, कशासाठी दाखवतोय आणि बदल उघड सांगतोय का, हे आधी विचारायला हवं.

आणि उघडपणे कल्पिलेली चित्रं तर आपल्याला हवीच आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली. तेव्हापासून सुधारणांची जी चित्रं आपल्यासमोर येतात ती बहुतेक आकाशातून पाहिलेली. संध्याकाळी सातला, भर पावसात, स्टेशनच्या जिन्यावरून पिशवी सांभाळत उतरणाऱ्या आजींना पुढे काय दिसेल, हे त्यांत कुठेच नसतं. ते चित्र नागरिकांनी करावं. त्यात रिक्षाची रांग कुठे असेल ते दाखवावं आणि भाजीवालीला मात्र पुसू नये. दिवाळी पहाटे गणेश मंदिराजवळ जमलेला फडके रोड ज्याने पाहिला आहे, त्याला माणसांचा रस्ता अशक्य वाटण्याचं कारण नाही.

महारेराने आता एवढं करावं. जाहिरातीतल्या प्रत्येक कल्पनाचित्राशेजारी त्याच जागेचा, त्याच कोनातून काढलेला आजचा फोटो, तेवढ्याच आकारात आणि तारखेसह छापणं सक्तीचं करावं. आणि चित्रातल्या फडके रोडवर झाडं लावणाऱ्या पोरांच्या वाटेला कोणी जाऊ नये.