पाटाचा रस्ता सायकलींना द्या

पहिल्या मुक्कामाला पोचलो तेव्हा सायकलची चेन, पेडलं, माझे बूट, सगळं पांढरं झालं होतं. चुनखडीचा बारीक चुरा. अमेरिकेतली ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ ही वाट पिट्सबर्गपासून कंबरलँड गावापर्यंत २४० किलोमीटर जाते आणि बहुतेक सगळी अशा दाबून बसवलेल्या चुऱ्याची आहे. गेल्या ऑक्टोबरात लेक, जावई आणि मी ती पाच दिवसांत पुरी केली. माझं वय एकसष्ट. पाच दिवसांत एकाही गाडीनं मला मागून हॉर्न दिला नाही. वाट जिथे मोटाररस्ता ओलांडते तिथे मधोमध खांब रोवले आहेत. सायकल जाते, गाडी जात नाही.

हे प्रवासवर्णन म्हणून सांगत नाही. त्या वाटेवर मला सारखा आपला पाट आठवत होता, आणि बोलायचं आहे ते पाटाबद्दल.

ती वाट मुळात रेल्वेची. डोंगरातला तिचा बराच भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा होता, तो १९७५ साली बंद पडला. रूळ निघाले आणि नदीकाठचा पट्टा मोकळा राहिला. ओहायोपाइल गावाजवळचा पहिला तुकडा सायकलींना खुला झाला १९८६ साली, आणि पिट्सबर्गमधला शेवटचा २०१३ साली. सत्तावीस वर्षं लोक एकेक तुकडा, एकेक पूल जोडत राहिले.

आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून ती नदीचा हात धरूनच डोंगरात शिरते. आधी मनाँगहेला, मग यॉकगेनी, मग कॅसलमन. कॉनल्सव्हिलला रात्री जावई म्हणाले, “आई, उद्यापासून चढ आहे हं, दमलात तर सांगा.” पण पिट्सबर्गपासून माथ्यापर्यंत दोनशे किलोमीटरांत चढायचं असतं सगळं मिळून पाचशे मीटर. पायांना चढ कळतच नाही. उजवीकडे खाली नदीचा आवाज, डावीकडे ओक आणि मेपलचं रान, चाकाखाली कर्रकर्र. अधूनमधून वाटेवर पिवळ्या पानांचा थर, त्यावरून जाताना तो आवाजही बंद होतो.

हे रान जुनं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. हा सगळा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. वेस्ट न्यूटनच्या अलीकडे एका कड्यावरून पाणी उतरतं, त्याखालचा सगळा दगड जांभ्यासारखा लालभडक झाला आहे. बंद खाणींतून येणारं लोहयुक्त पाणी. मी खाली उतरून दगडाला बोट लावलं, तर बोटाला गंजासारखा चिकट थर आला. इतकं ओरबाडलेलं खोरंही माणसांनी पुन्हा चालण्या-फिरण्याजोगं केलं.

कॉन्फ्लुअन्स नावाचं एक गाव लागतं. नावाचा अर्थच संगम. तिथे तीन प्रवाह मिळतात. मला नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर आठवलं. पुढे सॅलिसबरीचा जवळजवळ ५८० मीटर लांबीचा लोखंडी पूल, खाली कॅसलमनचं आख्खं खोरं. मग ७२९ मीटर उंचीवरचा माथा. त्यानंतर बिग सॅव्हेज बोगदा, एक किलोमीटर लांब, आत दिवे आणि अंगावर येणारा गारठा. हिवाळ्यात तो दारं लावून बंद ठेवतात. बोगद्यातून बाहेर आलो आणि मेरीलँडच्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक उभ्या दिसल्या. लेक काहीच बोलली नाही, मीही नाही. तिथून कंबरलँडपर्यंत नुसता उतार.

कंबरलँडला रेल्वेची वाट संपते आणि कालव्याची सुरू होते. चेसापीक-ओहायो कालवा, जवळजवळ ३०० किलोमीटर, थेट वॉशिंग्टनपर्यंत. काठावरून खेचरं चालत आणि दोरानं नावा ओढत. १९२४ साली कालवा बंद पडला. पुढे त्याच्या काठानं मोटाररस्ता करायची योजना आली आणि १९५४ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिलं: माझ्याबरोबर हा काठ चालून बघा, मग ठरवा. संपादक आले. आठ दिवसांच्या त्या पायपिटीत शेवटपर्यंत टिकले नऊच जण, पण वर्तमानपत्रानं भूमिका बदलली. मोटाररस्ता झाला नाही. १९७१ साली तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

कंबरलँडच्या त्या काठावर उभी राहिले आणि मला वडिलांची सायकल दिसली.

वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, नीरा डाव्या कालव्यावर. वीरपासून पुरंदर, बारामती, इंदापूर असा जाणारा, एकोणिसाव्या शतकातला पाट. आम्ही पाटावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांच्या बावीस इंची सायकलवर नळीतून पाय घालून मी शिकले, ती पाटाच्या मुरमावर. हायस्कूलला जायचे तेही पाटाच्या रस्त्यानं. पाण्यालाही चढ झेपत नाही. किलोमीटरला वीतभर उतार, म्हणजे सायकलला सपाटच. रेल्वे आणि पाट या दोघांनी माणसाच्या पायांना सोसेल अशी वाट डोंगरातून, माळातून आधीच आखून ठेवली आहे.

वडील रोज सकाळी भराव बघायला निघत. खेकड्याचं बीळ दिसलं की थांबत. बाहेरच्या अंगाला ओल दिसली की उतरून चप्पल काढत आणि माती पायानं दाबून बघत; पाझर गढूळ आहे की स्वच्छ, हे हातावर घेऊन पाहत. गढूळ असेल तर भरावातली माती वाहतेय, लगेच माणसं बोलवायची. हे सायकलच्या वेगानंच दिसतं. जीपमधून दिसत नाही.

आता काय स्थिती आहे? पावसानं मुरूम धुऊन गेला, कुठे वेड्या बाभळी आडव्या आल्या. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्याच भरावावरून जातात. दोन वर्षांपूर्वी एका कालव्यावर मी सायकल घेऊन गेले तर रखवालदारानं अडवलं. “ताई, खात्याचा रस्ता आहे, परत फिरा.” तो बोलत असताना त्याच्या मागून ट्रॅक्टर गेला. त्या माणसाचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं. पण ऐंशी किलोची सायकल-बाई भरावाला धोक्याची आणि कित्येक टनांची ट्रॉली बिनधोक, हा न्याय मला मान्य नाही.

पाण्याच्या भीतीचा आक्षेप मात्र खरा आहे. पाटातून बाहेर काढलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, ती विसरता येत नाहीत. अस्तर केलेल्या पाटाच्या गुळगुळीत काठावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून सरसकट सगळं उघडा असं मी म्हणणार नाही. भराव रुंद आहे तेवढेच तुकडे घ्या, पाण्याच्या बाजूला झाडांची किंवा लोखंडी आड घाला, ठरावीक अंतरावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि साखळ्या बसवा. पावसाळ्यात काळ्या मातीचे तुकडे बंद ठेवा; तिकडचा तो बोगदा नाही का हिवाळ्यात बंद ठेवत! पण भीतीचा हिशेब करायचाच तर दोन्हीकडचा करा. आज गावोगावची मुलं राज्यमार्गाच्या कडेला, डबल ट्रॉलीच्या चाकाला खेटून शाळेत जातात.

मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देतं. फार चांगलं काम. पण सायकल दिली की ती निर्धोक चालवायची वाटही द्यावी लागते, आणि ती कित्येक गावांत शाळेच्या मागून पाटाच्या कडेनं आधीच गेलेली आहे. तिला डांबर नको, काँक्रीट तर नकोच. दाबलेला मुरूम आणि दोन्ही तोंडांना तीन-तीन खांब. ते तुकडे जोडत गेलं की शहरातले रुंद टायरच्या सायकली घेतलेले लोक आपोआप येतील, गावात चहा पितील, मुक्काम करतील. ते नंतरचं. आधी शाळेची वाट.

तुमच्या गावाजवळून पाट जात असेल तर एका सकाळी तो सायकलवरून, नाहीतर पायी, पाच किलोमीटर बघून या. शाळेपर्यंतचा तुकडा मोजा, भराव किती रुंद आहे ते लिहून आणा, आणि येत्या ग्रामसभेत त्याचा ठराव मांडा.