शिळे न ठेवण्याची रीत



गेल्या महिन्यात आमच्या विवाहाला ४१ वर्षे पूर्ण झाली. समारंभाची आम्हा उभयतांना फारशी हौस नाही. मात्र त्या दिवशी घरी खपली गव्हाची हुग्गी करायची, हा आमच्या सौभाग्यवतींचा परिपाठ आहे. या खेपेस पुण्याहून चिरंजीव आणि सूनबाई यायचे होते. सकाळी दहाला निघतो, चारपर्यंत सांगलीत पोहोचतो, दिवस मावळण्याआधी सर्व मिळून जेवू, असा त्यांचा निरोप होता.

आमच्या कृष्णाकाठच्या घरांना हुग्गी नवी नाही. माझ्या लहानपणी आक्का, म्हणजे माझी आई, खपलीला पाण्याचा हात लावून ती उखळात सडत असे. कोंडा पाखडून गहू धुवायचा, भिजवायचा आणि चुलीवर मंद आचेवर तासन् तास शिजत ठेवायचा. दाणा पूर्ण फुलल्याखेरीज ती गुळाला हात लावू देत नसे. आम्हा पोरांना गुळाचीच घाई असे. ती म्हणे, "गूळ आधी पडला की गहू शिजायचा थांबतो. मग किती का जाळ घाला, दाणा कडक तो कडकच." नंतर गूळ, खोबऱ्याचा कीस, वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर सुंठ पडे; ताटात वाढल्यावर वरून तूप आणि कोमट दूध. आता सडलेली खपली बाजारात तयार मिळते, चुलीच्या जागी गॅस आला आहे. पण त्या पातेल्यापाशी उभे राहण्याचा वेळ मात्र तेवढाच लागतो.

त्या दिवशी सौभाग्यवती सकाळी सातपासून उभ्या होत्या. गुडघे दुखत असूनही उभ्या होत्या. चार वाजले, साडेचार वाजले. पाच वाजता फोन आला. चिरंजीवांचा स्वतःचा व्यापार आहे. ऐन वेळी मालाची गाडी आली, ती उतरवून घेण्यात दुपार गेली आणि पुण्याहून निघणेच झाले नाही. "आई, सॉरी. पुढच्या रविवारी नक्की येतो," एवढे बोलून तो फोन ठेवण्याच्या बेतात होता. माझा पारा चढला. फोन घेऊन दोन खडे बोल सुनवावेत म्हणून मी हात पुढे केला, तर सौभाग्यवतींनी मला हातानेच थांबवले.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, मला वाईट वाटलंय. थोडं नाही, खूप वाटलंय. सकाळपासून गव्हापाशी उभी आहे मी. हे आत्ताच सांगते, म्हणजे उद्या मनात ठेवून बसायला नको."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग चिरंजीव म्हणाला, "आई, चुकलंच माझं. निघणं होत नाही हे मला बारा वाजताच कळलं होतं. तेव्हाच कळवायला हवं होतं."

"हं. आता दोघं वेळेत जेवून घ्या," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमची दोन ताटे वाढली आणि उरलेली हुग्गी उजेड होता तोवर शेजारी पोहोचती केली.

मला नवल वाटले. चाळीस वर्षे माझी अशी समजूत होती की, ही बाई मनाला लागलेले कधी बोलून दाखवीत नाही. न राहवून मी म्हणालो, "आज बोललीस तू! आपल्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तर चकार शब्द काढला नव्हतास." त्यावर त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

आता तो पहिला वाढदिवस कोणता, हे वाचकांना सांगितले पाहिजे. सन १९८५, जानेवारी महिना. मी जयसिंगपूरजवळच्या एका बँक शाखेत कारकून होतो. दोन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड, घरी टेलिफोन नाही, वाहन म्हणजे सायकल. सौभाग्यवतींनी पहिल्यांदाच एकटीने हुग्गी केली होती. साडेपाचपर्यंत येतो, असा शब्द देऊन मी निघालो होतो.

त्या काळी खातेवह्या हाताने लिहिल्या जात. संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना नावे आणि जमा यांत ५४ रुपयांचा फरक निघाला. फरकाला ९ने निःशेष भाग गेला, तर बहुधा कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे बँकेतला प्रत्येक जुना कारकून जाणतो. तरी ती जागा शोधण्यास प्रत्येक व्हाउचर पुन्हा तपासावेच लागते. साडेसात वाजता सापडले. कोणीतरी ८२च्या जागी २८ लिहिले होते. अक्षर माझेच होते.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. हुग्गीचे पातेले झाकलेले होते. रात्री जेवणे आमच्या घरात नाही आणि पाण्यात शिजवलेले अन्न रात्र ओलांडल्यावर खाण्याचीही रीत नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "हातपाय धुवा." मग ते पातेले उचलून त्या शेजारच्या घरी देऊन आल्या. ना रडणे, ना रुसणे. पत्नीच्या या समजूतदारपणाचे मी पुढे चाळीस वर्षे कौतुक करीत आलो. कित्येक नवपरिणित जोडप्यांना हा प्रसंग सांगितला. याच सदरातही एकदा लिहिल्याचे स्मरते.

आणि आता त्या म्हणाल्या, "बोलले नव्हते म्हणजे राग नव्हता, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी गप्प राहिलो.

"त्या रात्री मी उपाशी होते. तुम्ही आल्यावर बरोबर जेवू म्हणून थांबले आणि दिवस मावळला. तुम्ही मात्र उपाशी नव्हतात."

"तुला कसं कळलं?"

"सदऱ्याच्या खिशाला भडंगाचा चुरमुरा चिकटला होता. सकाळी धुवायला घेतला तेव्हा दिसला."

खरे होते. उशीर होणार हे दिसताच आमच्या शाखेच्या शिपायाने पावणेसहाला माझ्यासाठी मुद्दाम बिनलसणाचे भडंग आणले होते. उजेड आहे तोवर मी ते खाऊन घेतले. घरी कोणी वाट पाहत उपाशी असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. घरी आल्यावर मी भडंगाचा उल्लेख केला नाही. खोटे बोललो नाही, एवढेच. पण नोंदही केली नाही.

"त्यानंतर दीड वर्ष मी हुग्गी केली नाही," त्या म्हणाल्या. "आलं होतं तुमच्या लक्षात?"

वाचकहो, ५४ रुपयांच्या फरकासाठी जो गृहस्थ रात्री साडेसातपर्यंत व्हाउचरे उलटीत बसला, त्याला स्वतःच्या घरातला दीड वर्षाचा फरक दिसला नाही. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी विचारले, "मग पुन्हा केव्हा केलीस?"

"शहाऐंशीच्या पावसाळ्यात. तुमच्या सायकलची साखळी तुटली होती. भर पावसात सायकल ढकलत, धावत आलात. ढगांमुळे सूर्य कुठला दिसतोय. घड्याळात दहाच मिनिटं राहिली होती. ताटात भाकरी आणि मुगाच्या डाळीची आमटी होती. पण बसायच्या आधी तुम्ही विचारलंत, 'तू जेवलीस का?' त्याआधी कधी विचारलं नव्हतंत. पुढच्याच आठवड्यात केली हुग्गी."

ती संध्याकाळ मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न करूनही आठवली नाही. ज्या प्रसंगाचे मी चाळीस वर्षे गुणगान केले, तो त्यांच्या वहीत नावे पडलेला होता. आणि ज्याने ते खाते फिटले, तो मला ठाऊकही नव्हता.

त्या रात्री मला झोप लागेना. अण्णांची, माझ्या वडिलांची, आठवण येत राहिली. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांचे भुसारी दुकान होते. दुपार कलली की आक्काचा डबा दुकानावर जाई आणि अण्णा गल्ल्यामागे बसूनच उजेडी जेवून घेत. आपल्या समाजातील कितीतरी दुकानांत आजही तसाच डबा जातो. रात्री दुकान वाढवण्यापूर्वी ते रोजमेळ जुळवीत. कितीही थकवा असो, आजचा मेळ उद्यावर गेला नाही. अण्णा म्हणत, कोणती वस्तू किती दिवस ठेवायची हे ज्याला कळले, त्याला व्यापार कळला. हळद हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे ठेवली तरी टिकते. गूळ नीट जपला तर वर्षभर राहतो. शिजवलेले अन्न मात्र एक रात्रसुद्धा ठेवायचे नाही.

अन्नाच्या बाबतीत आपण हा नियम किती कटाक्षाने पाळतो! रात्रीची भाजी सकाळी कोणी पानात घेणार नाही. पण काल दुखावलेले मन, गेल्या दिवाळीतला एखादा शब्द, वीस वर्षांपूर्वी लग्नघरात राहून गेलेला मान, हे सारे आपण झाकून ठेवतो आणि वेळोवेळी पुन्हा गरम करून वाढतो. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नसे, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकीत. तपासणीला आलेले अधिकारी त्या खात्यातली सर्वांत जुनी नोंद आधी विचारीत. कारण नोंद जितकी जुनी, तितका तिचा खुलासा अवघड. व्हाउचर सापडत नाही, लिहिणारा बदलून गेलेला असतो, आठवणारे कोणी उरत नाही. घरातल्या न बोललेल्या दुःखाचेही तसेच होते. माझे दैव चांगले, म्हणून माझी नोंद दीड वर्षात फिटली. काही घरांत ती जन्मभर तशीच पडून राहते.

वर्षातून एकदा आपण सर्वांची क्षमा मागतो. मोबाइलच्या सोयीमुळे आता दोनशे जणांना एका बोटाने क्षमापनेचा संदेश जातो. परंतु शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला "माझे काय चुकले?" असे विचारण्यास ते बोट उपयोगी पडत नाही. तेथे बसावे लागते आणि ऐकावे लागते. आम्हा पुरुषांना येथेही गुळाचीच घाई असते. समोरच्याने आपले मन उघडावे, तोच आपण म्हणतो, "जाऊ दे, विसरून जा, सॉरी म्हणालो ना!" दाणा फुलण्याआधीच आपण गूळ टाकतो, मग आतला गहू कडक राहतो. त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी मुलाला फोन ठेवू दिला नाही, याचे मर्म मला उशिरा उमगले. त्याचे पहिले 'सॉरी' घाईचे होते. दुसरे, "बारा वाजताच कळलं होतं" हे कबूल करणारे, खरे होते. त्या दोहोंच्या मध्ये तिने फक्त आपले दुःख स्पष्ट शब्दांत सांगितले होते. दीड वर्ष गप्प राहण्यात काय गेले, हे तिला ठाऊक होते. ती चूक तिला पुन्हा करायची नव्हती.

तेव्हा तरुण वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी संध्याकाळचे ताट वाट पाहत असते त्यांस, एवढेच सांगणे आहे. दुकानात गर्दी होणारच, गाडी उशिरा येणारच, हिशेब अडणारच. निराशा कोणत्या संसाराला चुकली आहे? पण उशीर होणार हे कळताच कळवावे, घरी आल्यावर समोरची व्यक्ती जेवली का ते विचारावे, आणि घरातल्यांनीही जे लागले ते त्याच दिवशी सांगून टाकावे. प्रेम पेवातल्या हळदीसारखे वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तू आहे. राग पातेल्यातला आहे. तो रात्रीपुढे नेऊ नये.

पुढच्या रविवारी चिरंजीव आणि सूनबाई आले. तीनलाच आले. जेवायला पिठले आणि भाकरी होती. हुग्गी कुठे, म्हणून त्याने विचारले, तर आई म्हणाली, "ती पुढच्या खेपेला. आज पिठलं खा." तो हसला आणि एक भाकरी जास्त जेवला.

ते परत गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "अगं, त्या भडंगाबद्दल... माझं चुकलं. त्याच रात्री सांगायला हवं होतं."

"अहो, ते केव्हाच शिळं झालं," त्या म्हणाल्या. "आजचं काय ते बोला."

"आजचं काय?"

"सकाळी चहा पिऊन कप तिथंच टाकून गेलात तुम्ही."

मी उठलो आणि कप विसळून ठेवला. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.